एचआयव्हीच्या उपचारात आठवणीचा मेसेज : सांगली जिल्ह्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात, त्याला जोडलेल्या लहान म्हणजे लिंक एआरटी केंद्रात किंवा एखाद्या संस्थेत समुपदेशक, क्षेत्र कार्यकर्ता अथवा स्वयंसेवक म्हणून नुकतेच रुजू झालेल्यांसाठी हा लेख आहे. सांगली जिल्ह्यात हे काम काही वर्षे केल्यावर माझे मत असे झाले आहे की, मेसेज पाठवणे हा या कामाचा सर्वांत लहान भाग आहे. मेसेज वाचून पलीकडच्या माणसाला काही बोलावेसे वाटले, तर त्याच्याशी कोण बोलणार, हे आधी ठरलेले नसेल तर मेसेज सुरूच करू नयेत. पुढच्या सर्व पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

मेसेजकडून काय अपेक्षा ठेवावी

सरकारी केंद्रांतून एआरटीची औषधे मोफत मिळण्यास १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली, आणि २०१७ पासून एचआयव्हीचे निदान झालेल्या प्रत्येकाला, सीडी-४ चा, म्हणजे रक्तातील रोगप्रतिकारक पेशींचा, आकडा कितीही असला तरी, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. आज बहुतेक प्रौढांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यायची असते. पूर्वीच्या मानाने हे पुष्कळ सोपे झाले आहे, पण ती गोळी रोज घ्यायची आहे आणि आयुष्यभर घ्यायची आहे. केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजून नियमितपणाचे जे प्रमाण काढतात, ते ९५ टक्क्यांच्या वर असावे अशी अपेक्षा असते. नव्या कार्यकर्त्याने हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी एक चुकली तर प्रमाण ९६ टक्क्यांच्या पुढे राहते. दोन चुकल्या की ते ९३ टक्क्यांवर उतरते. म्हणजे महिन्यातून दोन लग्ने आणि एक मुक्कामाची जत्रा एवढ्यानेही हिशेब बिघडू शकतो.

गोळ्या वरचेवर चुकल्या की रक्तातील विषाणू पुन्हा वाढू लागतो, आणि वाढताना तो औषधाला न जुमानणारा होऊ शकतो. उलट गोळ्या नियमित राहून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, तपासणीत सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. ही दुसरी बाजू प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत सांगावी. आजाराच्या भीतीने जेवढी माणसे गोळीला धरून राहतात, त्यापेक्षा जास्त या एका वाक्याने राहतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

मेसेजचा कितपत उपयोग होतो, याचे अभ्यास झालेले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. केनियातील ५३८ रुग्णांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली आले. त्यात निम्म्या रुग्णांना आठवड्यातून एकदा ‘मांबो?’ एवढाच मेसेज जात असे. स्वाहिली भाषेतला हा शब्द म्हणजे आपले ‘काय, कसं काय?’ त्यावर ४८ तासांत ‘सावा’, म्हणजे ठीक, किंवा ‘शिडा’, म्हणजे अडचण, असे उत्तर द्यायचे. अडचण कळवणाऱ्याला आणि उत्तरच न देणाऱ्यालाही आरोग्य कर्मचारी फोन करत. मेसेज मिळणाऱ्या गटात ६२ टक्के लोक गोळ्या नियमित घेत होते, न मिळणाऱ्या गटात ५० टक्के. विषाणू दबलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५७ आणि ४८ टक्के होते. केनियातच झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आठवड्याला एक मेसेज उपयोगी ठरला, रोजचा मेसेज मात्र ठरला नाही. आपल्याकडे दक्षिण भारतात ६३१ रुग्णांना घेऊन अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले. तेथे आठवड्याला यंत्राचा फोन आणि चित्राचा मेसेज जात असे, आणि उपचार निष्फळ ठरण्याच्या प्रमाणात त्याने फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत मेसेजला स्थान दिले ते इतर मदतीच्या जोडीचे एक साधन म्हणून.

या अभ्यासांतील परिस्थिती वेगवेगळी होती, त्यामुळे एकाच कारणावर बोट ठेवणे बरोबर नाही. तरीही माझ्यापुरता मी घेतलेला अर्थ असा आहे, की जिथे मेसेजमागे परत फोन करणारा माणूस होता तिथे मेसेजला वजन आले. सांगलीला हे नवीन वाटू नये. १९९२ पासून येथे काम करणाऱ्या संग्राम संस्थेने आणि १९९६ साली उभ्या राहिलेल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने निरोध आणि आरोग्याची माहिती पोचवली ती त्याच वस्तीतल्या, त्याच व्यवसायातल्या बायकांच्या तोंडून. ओळखीचा आवाज लागतो, हे या जिल्ह्याने मोबाइल येण्याच्या आधीच शिकून घेतले होते.

पहिली पायरी : विचारणे

संमती निदानाच्या दिवशी घेऊ नये. त्या दिवशी माणसाच्या कानांवर पडलेले काहीच आत जात नाही, आणि समोर ठेवलेल्या कोणत्याही कागदावर तो सही करतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, गोळ्यांचा सुरुवातीचा त्रास कमी झाल्यावर, बाजूला बसवून विचारावे: ‘आठवड्यातून एकदा मी तुम्हाला खुशालीचा मेसेज पाठवला तर चालेल का? नको असेल तर नको म्हणा, तुमच्या औषधावर त्याचा काहीही परिणाम होणार नाही.’ शेवटचे वाक्य वगळू नये. मोफत औषध घेणाऱ्या माणसाला अनेकदा असे वाटत असते की, केंद्रातल्या कुणाला ‘नाही’ म्हटले तर पुढच्या वेळी गोळ्या मिळणार नाहीत. एका ठिकाणी मी पाहिले आहे की नोंदणीच्या रांगेतच मेसेजच्या संमतीचा कागद इतर कागदांत घालून सह्या घेतल्या जात होत्या. सह्या शंभर टक्के झाल्या आणि उत्तरे जवळजवळ कुणीच दिली नाहीत.

कायदाही येथे स्पष्ट आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार कुणाच्याही एचआयव्ही स्थितीची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि अशी माहिती नोंदवून ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेला ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी लागते. फोन नंबरांची साधी वहीसुद्धा अशीच नोंद आहे. काम सुरू करण्यापूर्वी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची आणि जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाची लेखी परवानगी घ्यावी. संस्थेकडील यादी केंद्राकडे किंवा केंद्राकडील यादी संस्थेकडे द्यायची असेल, तर त्यासाठी रुग्णाची वेगळी संमती घ्यावी.

दुसरी पायरी : फोन कुणाचा, वाचतो कोण

माझी सर्वांत मोठी चूक या पायरीवर झाली, म्हणून ती सांगते. तासगाव तालुक्यात द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या एका बाईंनी मला नंबर दिला आणि रात्री आठची वेळ सांगितली. त्या काळी मी मेसेजमध्ये ‘औषधाची वेळ झाली’ असे लिहीत असे. नंबर त्यांचाच होता, फोनही त्यांचाच होता. पण त्यांना वाचता येत नव्हते, आणि आलेला प्रत्येक मेसेज त्यांचा सहावीतला मुलगा मोठ्याने वाचून दाखवत असे. रात्री आठला घरातली सगळी माणसे जेवायला बसलेली असत. सासूबाईंनी विचारले, ‘कसलं गं औषध?’ बाईंनी कॅल्शियमची गोळी म्हणून वेळ मारून नेली, दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या फोनवरून मला मेसेज बंद करायला सांगितले, आणि त्या महिन्याच्या तारखेला त्या केंद्रात आल्याच नाहीत. मी नंबर विचारला होता, वेळ विचारली होती. मेसेज वाचतो कोण हे विचारले नव्हते.

तेव्हापासून मी नंबर लिहून घेण्याआधी पुढच्या गोष्टी विचारते. फोन दिवसा कुणाकडे असतो आणि रात्री चार्जिंगला कुठे असतो. मेसेज तुम्ही स्वतः वाचता की कुणी वाचून दाखवते. फोनला लॉक आहे का, आणि लॉक असताना पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसतो का. फोनवर देवनागरी अक्षरे नीट उमटतात का; काही जुन्या बटणांच्या फोनवर मराठी मेसेजच्या जागी नुसते चौकोन दिसतात, आणि माणूस ते कुणाला तरी दाखवायला घेऊन जातो. हे तपासण्याचा एकच मार्ग आहे: समोर बसूनच ‘नमस्कार’ एवढा मेसेज पाठवावा आणि दोघांनी मिळून पाहावा.

याच वेळी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये कोणत्या नावाने ठेवायचा, हे त्यांनाच ठरवू द्यावे. आमच्याकडच्या लोकांनी मला ‘पिग्मी’, ‘बचत गट मॅडम’, ‘खत दुकान’ अशी नावे दिली आहेत. नाव ठरले की त्याला शोभेल असे बोलणेही ठरवून ठेवावे. मी ‘पिग्मी’ असेन आणि फोन दुसऱ्याच कुणी उचलला, तर ‘नंतर करते’ म्हणून ठेवते, आणि तेवढ्याने कुणाला काही वावगे वाटत नाही.

ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांचा फोन घरभर फिरतो, त्यांच्यासाठी मेसेजचा आग्रह धरू नये. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी एक मिसकॉल दिला तरी पुरते. त्यांनी उलट एक मिसकॉल दिला तर सगळे ठीक, दोन दिले तर बोलायचे आहे, अशी खूण चांगली चालते. जत तालुक्यातील सीमेलगतच्या गावांत कन्नड बोलणारी अनेक कुटुंबे आहेत. तेथे मजकूर कन्नडमध्ये द्यावा आणि परत फोन करणाराही कन्नड जाणणारा असावा. अन्यथा मेसेज समजेल आणि पुढचे बोलणे अडेल.

तिसरी पायरी : मजकूर

मजकुराचा नियम एकच: हा मेसेज चौकातल्या फलकावर लावला तरी त्यातून कुणाला काही कळू नये. एचआयव्ही, एड्स, एआरटी हे शब्द नकोतच. पण ‘केंद्र’, ‘समुपदेशन’, ‘तपासणी’, ‘सिव्हिल’, ‘गोळी’ हेही टाळावेत. सांगलीत ‘सिव्हिलला तारीख आहे’ एवढ्यावरून शेजारी पुढचे सगळे विचारू लागतात. पाठवणाऱ्याचे नावही मजकुराचाच भाग असते. संस्थेच्या नावातच आजाराचा उल्लेख असेल, तर ते नाव मेसेजच्या डोक्यावर येता कामा नये.

आज मी वापरते तो आठवड्याचा मेसेज असा आहे: ‘नमस्कार. कसे आहात? ठीक असल्यास १, बोलायचे असल्यास २ पाठवा.’ यात ‘आहात’ मुद्दाम ठेवले आहे. ‘आहेस’ लिहिले तर परक्याला जवळीक दिसते, ‘ताई’ किंवा ‘दादा’ लिहिले तर फोनचा मालक कोण आणि मेसेज कुणासाठी हे उघड होते. ‘आहात’मध्ये बाई की पुरुष हे कळत नाही आणि मानही राखला जातो. आकडा पाठवायचा असल्यामुळे ज्यांना मराठी टाइप करता येत नाही त्यांचीही अडचण होत नाही.

लांबीचे गणित समजून घेणे गरजेचे आहे. रोमन लिपीतील एका मेसेजमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत मात्र ७० च, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘नमस्कार’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण मोबाइल तो न, म, स, हलन्त, क, काना, र असा सात मोजतो. वर दिलेला पूर्ण मेसेज या हिशेबाने ५८ चा होतो, म्हणून तो एकाच तुकड्यात जातो. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे दोन भाग होतात, पैसे दोनाचे लागतात, आणि काही जुन्या फोनवर ते भाग वेगवेगळे किंवा उलट क्रमाने दिसतात. ‘बोलायचे असल्यास’ एका मेसेजमध्ये आणि ‘२ पाठवा’ दुसऱ्यात, असे झाले तर वाचणाऱ्याला काहीच उमगत नाही.

औषध घेण्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी जाणारा मेसेज वेगळा ठेवावा: ‘मंगळवारी ठरल्याप्रमाणे भेटू. येताना वही आणावी.’ वही म्हणजे केंद्राकडून मिळालेले हिरवे पुस्तक, हे आपल्याला आणि त्यांना माहीत असते. काही जण स्वतःहून सांगतात की, ‘गोळी घेतली का’ असेच स्पष्ट विचारा, मला बीपीची गोळी चालू आहे असे घरी माहीत आहे. त्यांच्यासाठी तसेच लिहावे. गुप्तता त्यांच्यासाठी आहे. ती किती हवी हे त्यांनी ठरवायचे.

रोज मेसेज पाठवण्याचा मोह नव्या माणसाला हमखास होतो. तो आवरावा. रोज येणारा तोच मजकूर चौथ्या दिवसापासून कुणी वाचत नाही, आणि रोज ठरावीक वेळी येणारा मेसेज घरातल्यांच्या मात्र बरोबर लक्षात येतो. रोजच्या आठवणीसाठी फोनमधला गजर, देवपूजा, रात्रीची मालिका किंवा मुलांचा डबा भरण्याची वेळ अशी घरातलीच एखादी खूण धरायला शिकवावे.

चौथी पायरी : पाठवण्याची सोय

सुरुवात वीस-पंचवीस जणांपासून करावी आणि साध्या फोनवरून, हाताने मेसेज पाठवावेत. तीन महिने असे काम केल्याशिवाय कोणतीही यंत्रणा विकत घेऊ नये, कारण कोणत्या वेळी लोक उत्तरे देतात आणि किती फोन परत करावे लागतात, हे त्याशिवाय समजत नाही. यादी वाढल्यावर एकगठ्ठा मेसेजची सेवा घ्यायची असेल, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार संस्थेची, पाठवणाऱ्याच्या शीर्षकाची आणि मजकुराच्या प्रत्येक नमुन्याची आधी नोंदणी करावी लागते. साध्या दहा आकडी नंबरवरून एकच मजकूर शेकडोंना पाठवत राहिल्यास तो नंबर बंद होऊ शकतो. सेवा घेताना उत्तर परत येण्याची सोय आहे का, हे सर्वांत आधी विचारावे. ज्या मेसेजला उत्तर देता येत नाही, तो या कामाचा नाही.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप कधीही करू नये. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि कवठे महांकाळसारख्या तालुक्यात दोन नंबर ओळखीचे निघायला वेळ लागत नाही. असा ग्रुप एकदा झाला की तो मिटवूनही झालेले नुकसान मिटत नाही.

कामाचा फोन आणि सिम वेगळे असावे, घरच्या फोनवर हे काम आणू नये. त्या फोनला लॉक असावे, पडद्यावर मजकूर दिसणार नाही अशी सोय करावी, आणि काम सोडताना सिम संस्थेकडे जमा करावे. नावे एका वहीत आणि नंबर दुसऱ्या वहीत ठेवून दोन्ही वह्या आपण दिलेल्या सांकेतिक क्रमांकाने जोडाव्यात. त्यासाठी केंद्राचा नोंदणी क्रमांक वापरू नये. तो इतर कागदांवरही असतो.

पाचवी पायरी : उत्तर आल्यावर आणि न आल्यावर

आठवड्यातून ज्या दिवशी मेसेज जातील, त्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करायला माणूस मोकळा असलाच पाहिजे. आमचे मेसेज बुधवारी दुपारी जातात. शनिवारी गेलेल्या मेसेजला रविवारी ‘२’ आला आणि सोमवारपर्यंत कुणी बोलले नाही, तर त्या माणसाने पुन्हा ‘२’ पाठवण्याची शक्यता फार कमी असते.

फोन केल्यावर पहिले वाक्य आपली ओळख देणारे नसावे. आधी ठरवलेली खूण विचारावी. ‘तुमच्या बागेला औषध मारून झालं का?’ अशी साधी विचारणाही खूण म्हणून चालते. ठरलेले उत्तर आले तरच पुढे बोलावे. मग ‘आत्ता बोलता येईल का?’ हा प्रश्न, आणि त्यानंतर गप्प राहणे. नवे कार्यकर्ते येथे घाई करतात आणि ‘गोळ्या घेताय ना?’ असे विचारून मोकळे होतात. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असते. त्याऐवजी ‘या आठवड्यात कोणत्या दिवशी अडचण आली?’ असे विचारले की माणूस सांगू लागतो: पाहुणे होते, मळमळ होत होती, पगार झाला नाही म्हणून केंद्रापर्यंतच्या एसटीचे पैसे नव्हते, नवऱ्याने डबी फेकून दिली.

यातली प्रत्येक अडचण वेगळ्या माणसाकडे न्यावी लागते. मळमळ, पुरळ, झोप न लागणे, वजन वाढणे याविषयी मेसेज पाठवणाऱ्याने सल्ला देऊ नये. त्याच दिवशी केंद्राच्या डॉक्टरांशी बोलणे करून द्यावे. चुकलेल्या गोळीबद्दल विचारले, तर दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत एवढे सांगून पुढचे केंद्रावर सोपवावे. याशिवाय एक प्रश्न मी आता प्रत्येक फोनवर विचारते: ‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ लोह किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी डोल्युटेग्राव्हिरसोबत घेतली, तर ते औषध शरीरात नीट शोषले जात नाही. गरोदर बायकांना आरोग्य केंद्रातून या दोन्ही गोळ्या मिळत असतात, आणि त्या आपल्या गोळीपासून किती अंतराने किंवा जेवणासोबत कशा घ्यायच्या, हे त्यांना अनेकदा कुणी सांगितलेले नसते. क्षयरोगावर रिफॅम्पिसिन सुरू झाले असेल, तर डोल्युटेग्राव्हिरचा डोसच बदलावा लागतो; म्हणून अशी माहिती कळताच केंद्राला लगेच कळवावे. मारहाण, घराबाहेर काढणे, कामावरून काढणे असे काही कळले, तर मेसेजची वही बाजूला ठेवून त्या कामाला लागावे. रात्री-अपरात्री बोलायचे असेल तर १०९७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हा क्रमांक प्रत्येकाला तोंडपाठ करून द्यावा.

उत्तर न येणे हेही उत्तरच असते. ४८ तास वाट पाहून एक फोन, तो न लागल्यास वेगळ्या वेळी दुसरा फोन करावा. तरीही बोलणे झाले नाही, तर घरी जायचे की नाही हे संमतीच्या वेळीच विचारलेले असावे. ‘घरी येऊ नका’ असे ज्यांनी सांगितले आहे, त्यांच्या दारात काळजीपोटीसुद्धा जाऊ नये. गल्लीत अनोळखी बाई वही घेऊन उभी राहिली की पाच मिनिटांत चर्चा सुरू होते. अशा वेळी त्यांनी दिलेल्या दुसऱ्या विश्वासू माणसाकडे निरोप ठेवावा किंवा केंद्रातल्या पुढच्या तारखेची वाट पाहावी.

बाहेरगावची माणसे आणि पावसाळा

विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून सोन्या-चांदीच्या गलाई (वितळवून शुद्ध करण्याच्या) व्यवसायासाठी केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत माणसे गेलेली आहेत. ती दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला येतात, औषधे घेतात आणि परत जातात. ऊसतोडीच्या हंगामात उलट घडते. बीडकडची कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात झोपड्यांत राहायला येतात आणि त्यांचे मूळ केंद्र तिकडे असते. या दोघांसाठी मेसेजचा सर्वांत मोठा उपयोग निघण्याच्या आधी होतो. हंगामाच्या किंवा परतीच्या पंधरा दिवस आधी ‘कधी निघणार?’ एवढे विचारले, तर किती महिन्यांच्या गोळ्या सोबत द्यायच्या आणि कुठल्या केंद्राकडे बदली करून द्यायची, हे केंद्राला वेळेत ठरवता येते. गेल्यावर विचारून काही हाती लागत नाही. बाहेरगावी गेलेला माणूस तिकडचे सिम घेतो, आणि बंद पडलेला जुना नंबर काही काळाने दुसऱ्याच कुणाला दिला जातो. म्हणून प्रत्येक भेटीत नंबर मोठ्याने वाचून खात्री करावी, आणि सलग तीन आठवडे उत्तर न आलेल्या नंबरला, प्रत्यक्ष बोलणे होईपर्यंत, एकही मेसेज पाठवू नये.

पावसाळ्याची तयारी सांगली, मिरज, पलूस आणि वाळवा येथे स्वतंत्रपणे करावी लागते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडली; ज्यांच्या गोळ्या कपाटाच्या खालच्या फळीवर होत्या, त्यांना त्या परत मिळाल्या नाहीत. छावणीत डबी उघडायची कुठे, हा प्रश्न वेगळाच. आता जूनमध्येच आमचा एक मेसेज जातो: कागदपत्रे आणि रोजची औषधे प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर ठेवावीत. असा मजकूर कुणालाही यावा असाच आहे, त्यामुळे त्यात उघड होण्यासारखे काही नाही. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी वाढू लागल्याची बातमी आली की नदीकाठच्या लोकांना त्याच दिवशी फोन करावेत, दुसऱ्या दिवसावर ठेवू नयेत. हिरवे पुस्तक सोबत असेल तर दुसऱ्या गावच्या केंद्राला उपचार लगेच समजतात. ते वाहून गेले असेल तर निदान त्याच्या पहिल्या पानाचा आणि शेवटच्या नोंदीचा फोटो रुग्णाच्या स्वतःच्या फोनमध्ये, त्याला चालत असेल तर, असावा.

नोंद आणि शेवट

किती मेसेज गेले, हा आकडा अहवालात लिहायला सोपा असतो आणि त्यातून काहीच कळत नाही. दर महिन्याला तीनच गोष्टी मोजाव्यात: किती जणांनी उत्तर दिले, ‘२’ पाठवणाऱ्यांपैकी किती जणांशी दुसऱ्या दिवसापर्यंत बोलणे झाले, आणि यादीतील किती जण औषधाच्या तारखेला आले. दुसरा आकडा घसरू लागला तर नवी नावे घेणे थांबवावे. यादी मोठी आणि फोन करणारा एकटा, अशी वेळ आली की लोकांना ते आपल्याआधी कळते.

कुणी ‘बंद करा’ म्हटले तर कारण न विचारता त्याच दिवशी बंद करावे आणि ‘बंद केले’ असाही मेसेज पाठवू नये. ज्यांचा व्हायरल लोड दीर्घकाळ दबलेला आहे आणि जे तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या नेतात, त्यांना वर्षातून एकदा स्वतःहून विचारावे की आठवड्याचा मेसेज अजून हवा का. पुष्कळ जण महिन्यातून एक पुरे म्हणतात, काही जण हक्काने चालू ठेवायला सांगतात. बदली होऊन दुसऱ्या केंद्रात गेलेल्यांचा नंबर, तिकडे पोचल्याची खात्री झाल्यावर, वहीतून खोडून आणि फोनमधून काढून टाकावा.

मृत्यूची बातमी आली की नंबर काढण्याचे काम त्याच तासाला करावे. मिरज तालुक्यातील एक गृहस्थ गेल्याचे मला मंगळवारी कळले आणि बुधवारचा मेसेज यादीबरोबर निघून गेला. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला, ‘बाबांना कोण विचारतंय?’ म्हणून. मी ठरलेल्या नावाने, खत दुकानातून बोलतेय असे सांगितले, आणि बाबांची उधारी काही राहिलेली नाही, हेही सांगितले.